फूल काढू नका, फुलू द्या

मैत्रिणींनो, फुलाचं चित्र काढायला बसलं की आपला हात पहिल्यांदा कशाकडे जातो, सांगा बरं? शिसपेन्सिलीकडे! मग पाकळ्या मोजायच्या, एकेक रेघ काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. शेवटी त्या रेघांच्या आत, बाहेर एक थेंबही जाऊ न देता रंग भरायचा. तासाभरानं जे तयार होतं ते फूल खरं, पण उशीच्या अभ्र्यावर भरतकामासाठी छापलेल्या फुलासारखं. नीटनेटकं आणि निर्जीव.

आज या सदरात शिवण नाही की टिकण नाही. आज आपण जलरंगात फुलं रंगवणार आहोत, तीही मोकळ्या हातानं, पेन्सिलीवाचून आणि थोडी मनाची भर घालून.

हा विषय घ्यायला निमित्त झालं एका वाचक भगिनीच्या पत्राचं. वय पन्नाशीच्या आसपास. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा त्या चांगल्या श्रेणीत पास झालेल्या. पुढे लग्न, मुलं, सगळं तुमच्या-आमच्यासारखंच. आता मुलं परगावी आहेत आणि सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत. दुपारी दोननंतर थोडा वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यानं. केव्हा हाक येईल याचा नेम नाही. त्यांनी हौसेनं रंगपेटी आणली, चार दिवस खपून एक गुलाब काढला. यजमान पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "हे काय सांडलंय?" बाईंनी रंगपेटी उचलून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. पत्राच्या शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला आहे: माझा हात गेला का हो?

नाही, बाई. तीस वर्षं रोज ज्या हातानं दारापुढे रांगोळी काढली, गोल पोळी लाटली, चिमटीनं मीठ घातलं, तो हात जाईल कसा? तुम्ही निवडलेली पद्धत मात्र तुमच्या दुपारला सोयीची नव्हती. बारीक, रेखीव चित्राला सलग दोन-तीन तासांची बैठक लागते. मोकळ्या पद्धतीचं चित्र दहा मिनिटांत रंगतं, मग त्याला वाळायला वेळ द्यावा लागतो आणि नंतर पुन्हा पाच मिनिटं. मधल्या वेळात सासूबाईंना पाणी द्या, कूस बदलून द्या, कुकर लावा. चित्र तुमच्यासाठी थांबतं. किंबहुना तुम्ही उठून गेलात तर ते जास्त चांगलं होतं, कारण ओल्या रंगाला पुन्हा पुन्हा बोट लावायचा मोह होत नाही.

ठिपक्यांची रांगोळी आणि मुक्तहस्त रांगोळी यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. ठिपक्यांची रांगोळी चुकली तर लगेच कळतं. मुक्तहस्त रांगोळीत वेल थोडा इकडे वळला काय नि तिकडे वळला काय, हाताची लय तेवढी तुटता कामा नये. चित्रकलेतही हे दोन्ही मार्ग जुने आणि मानाचे आहेत. चीनमध्ये तर त्यांना स्वतंत्र नावंच आहेत. बारीक कुंचल्यानं काढलेल्या रेखीव चित्राला 'गोंगबी' म्हणतात आणि मोकळ्या फटकाऱ्यांच्या चित्राला 'श्येयी', म्हणजे मनातला भाव लिहून काढणं. ची बायशी (१८६४–१९५७) हे या मोकळ्या पद्धतीचे मोठे नामवंत चित्रकार. गरीब शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, तरुणपणी सुतारकाम केलेला. त्यांनी फुलं तर रंगवलीच, शिवाय कोबीचा गड्डा, कोळंबी, किडे-मुंग्या असले रोजच्या पाहण्यातले विषयही तितक्याच प्रेमानं रंगवले. आपल्या भाजीच्या टोपलीतही चित्र असतं, ते असं!

आपल्याकडचं रेखीव जलरंगाचं उदाहरण हवं असेल तर सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. हातात समई घेऊन, ज्योतीपुढे तळवा धरून उभी असलेली तरुणी. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हे चित्र आहे आणि त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती. बोटांमधून झिरपणारा तो उजेड पाहून ते जलरंगातलं चित्र आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. तसा हात यायला आयुष्याची साधना लागते. आपण आज दुसऱ्या वाटेनं जाऊ या. ही वाट आपल्या अर्ध्या तासाला पुरणारी आहे.

साहित्य काय लागेल?

फार खर्च करू नका. जलरंगाच्या ट्यूब किंवा टिक्क्या, दोन्ही चालतील. बारा-पंधरा रंगांची मोठी पेटी नसली तरी अडत नाही. क्रिमझन, लेमन यलो, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि सॅप ग्रीन एवढ्या पाच रंगांत बागेतली बहुतेक फुलं होतात. गोल कुंचले दोनच घ्या. एक आठ किंवा दहा नंबरचा, टोकदार आणि पोटात भरपूर पाणी धरणारा. दुसरा तीन नंबरचा, शेवटच्या चार रेघांपुरता. रंग कालवायला पॅलेट नको, चिनी मातीची पांढरी बशी उत्तम. तिच्यावर रंगाची खरी छटा दिसते. पाण्याची भांडी मात्र दोन हवीत: एक कुंचला धुवायला, दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. एकाच भांड्यावर भागवलंत तर तिसऱ्या पाकळीपर्यंत सगळे रंग मळकट झालेच म्हणून समजा. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा टिपायला ठेवा.

काटकसर करायची ती रंगात करा, कागदात नको. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याच्या लाटा होतात आणि रंग खळग्यांत साचतो. जलरंगासाठी मिळणारा ३०० जीएसएमचा जाड, थोडा खरखरीत कागद आणा. एका मोठ्या तावाचे आठ तुकडे केले की आठ दुपारींची सोय झाली. हातकागदही आणून बघायला हरकत नाही. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे तो आपल्याकडे अनेकींच्या ओळखीचा आहे. मात्र काही हातकागद पाणी फार पटकन शोषतात, तेव्हा आधी कोपऱ्यात थेंब टाकून पाहा. थेंब वर मोत्यासारखा थोडा वेळ राहिला तर कागद कामाचा. कागद पाटावर ठेवा आणि पाटाच्या एका बाजूखाली जाडशी वही सरकवा, म्हणजे उतार मिळून रंग आपोआप खाली ओघळेल.

पाण्याचा पाक ओळखा

या पद्धतीचं सगळं मर्म इथे आहे, तेव्हा हा भाग दोनदा वाचा.

जलरंग म्हणजे डिंकात बांधलेली रंगाची बारीक पूड. पाणी जिकडे जाईल तिकडे ती जाते. म्हणून कागदावरचं पाणी कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखता आलं पाहिजे. लाडवाचा पाक एकतारी झाला की दोनतारी हे तुम्ही बघताच ना? अगदी तसंच.

पहिला टप्पा: कागदावर पाणी चकाकतं आहे. आत्ता रंग टेकवलात तर तो दूरवर पसरेल आणि कडा धूसर होतील. पाकळीसाठी हा टप्पा चांगला.

दुसरा टप्पा: चकाकी जाऊन सॅटिनच्या कापडासारखी मंद झळाळी उरली आहे. आता दाट रंग लावला तर तो थोडाच सरकेल. पाकळीचा गाभा आणि पानावरची सावली यांसाठी हीच वेळ.

तिसरा टप्पा: झळाळी गेली, पण कागद अजून दमट आहे. इथे हात आवरा! या वेळी पाण्यानं भरलेला कुंचला टेकवला तर ते पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कड उमटते. कधी ती सुंदरही दिसते, पण आपल्याला हवी तेव्हाच उमटली पाहिजे.

चौथा टप्पा: कागद पूर्ण कोरडा. आता काढलेली रेघ जिथल्या तिथे, स्वच्छ राहील.

कोरडा झाला की नाही हे डोळ्यांना कळत नसेल तर हाताची पालथी बाजू अलगद टेकवा. गार लागला तर ओल शिल्लक आहे. माठ ज्या कारणानं गार राहतो तेच कारण इथेही. ऋतूप्रमाणे वेळ बदलते हेही ध्यानात ठेवा. श्रावणात कागद लवकर वाळत नाही, तेव्हा पाणी कमी घ्या. वैशाखात बघता बघता वाळतो, तेव्हा कागदाची मागची बाजूही ओली करून घ्या आणि पंखा बंद ठेवा.

रंग कालवण्याचा अंदाजही स्वयंपाकघरातलाच. पहिल्या हातासाठी पन्ह्याइतका पातळ, दुसऱ्या हातासाठी ताकाइतका आणि अगदी शेवटच्या ठिपक्यांसाठी सायीइतका दाट. वाळल्यावर जलरंग फिका पडतो, म्हणून ओला असताना वाटतो त्यापेक्षा थोडा गडदच घ्या.

जास्वंदीपासून सुरुवात

देवाला वाहण्याआधी एक जास्वंदीचं फूल पेल्यात ठेवा. दोन मिनिटं फक्त बघा. पाकळ्या मोजू नका. एकंदर आकार कसा आहे? कर्ण्यासारखा. तोंड कुणीकडे आहे? पाकळ्या एकमेकींवर कशा चढल्या आहेत? मधला तुरा किती बाहेर आला आहे?

आता मोठ्या कुंचल्यानं नुसत्या पाण्यानं कागदावर पाच पाकळ्यांचे ढोबळ आकार करा. मध्ये मध्ये कोरड्या फटी राहू द्या आणि तुऱ्याच्या जागी एक कोरडी पट्टी आठवणीनं सोडा. जलरंग पारदर्शक असतो. लाल रंगावर पिवळा चढवून पिवळा दिसत नाही, म्हणून उजळ जागा आधीच राखून ठेवायची असते. जलरंगात खरा पांढरा रंग म्हणजे कागदच.

पाणी चकाकत असतानाच क्रिमझनमध्ये थोडा पिवळा मिसळून फुलाच्या मध्याशी टेकवा. पसरवू नका, टेकवा आणि हात मागे घ्या. रंग स्वतः पाकळीच्या टोकाकडे धावेल. कुठे गडद, कुठे फिका, कुठे नुसतीच ओल. ही छटा आपण तासभर घासून आणू शकलो नसतो! झळाळी मंद झाली की देठाच्या बाजूला दाट क्रिमझनचा एक थेंब सोडा. एका ठिकाणी, फक्त एकाच ठिकाणी, ओल्या पाकळीला हिरव्या पानाचं टोक भिडू द्या. तिथे दोन्ही रंग एकमेकांत शिरतील आणि फूल झाडाचं वाटेल. मात्र तिथे कुंचला घोळवू नका. लाल आणि हिरवा एकत्र ढवळले की त्यांचा चिखल होतो.

आता उठा आणि दुसरं काम करा. कागद कोरडा झाल्यावर परत या. तीन नंबरच्या कुंचल्यानं तुऱ्याची एक रेघ, तिच्या टोकाशी पिवळे ठिपके, पाकळीवर दोन-तीन शिरा आणि देठ. बस्स! कुंचला खाली ठेवा. थोडं अपुरं राहिलं असं वाटत असतानाच थांबायचं. भाजी जशी थोडी आधी उतरवतो ना, आतल्या वाफेवर ती शिजतेच, तसं उरलेलं फूल पाहणाऱ्याचे डोळे पुरं करतात.

आणखी तीन फुलं

झेंडू: पाकळ्या काढायला गेलात तर वेड लागेल. लेमन यलोचा एक ओला गोळा करा, दमट असताना खालच्या अर्ध्या भागात नारिंगी सोडा. वाळल्यावर बर्न्ट सिएनाच्या सात-आठ तुटक, वाकड्या खुणा कडेनं आणि मध्याजवळ करा. एवढ्यानं शंभर पाकळ्यांचा भास होतो.

गोकर्ण: अल्ट्रामरीनमध्ये क्रिमझनचा किंचित स्पर्श. गळ्याशी कागद पांढरा ठेवा आणि तिथे पिवळ्याचं एक बोट. वेल कुंचल्याच्या एकाच लांब ओढीत, श्वास रोखून काढा.

मोगरा: पांढरं फूल पांढऱ्या कागदावर कसं काढायचं? ते काढायचंच नाही, त्याच्या भोवतालचं काढायचं. फुलांच्या जागा कोरड्या ठेवून सभोवती हिरव्या-निळ्याचा ओला हात फिरवा. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून झालेल्या अगदी पातळ करड्या रंगानं पाकळ्यांत जराशी सावली द्या. मोगरा आपोआप पुढे येतो.

मनाची भर

इथवर फूल समोर होतं. आता ते बाजूला ठेवा. सकाळी पूजेच्या वेळी एक फूल नीट बघून घ्या आणि दुपारी ते समोर नसताना रंगवा. शाळेतल्या परीक्षेत 'स्मरणचित्र' असायचं, आठवतं? तेच, फक्त मार्कांवाचून. जे आठवेल तेच कागदावर येईल आणि जे आठवलं तेच तुम्ही खरं पाहिलेलं असेल. माहेरच्या अंगणातली गुलबक्षी चाळीस वर्षांनी जांभळी न येता तांबूस आली तर येऊ द्या. आठवणीतली फुलं थोडी रंग बदलतातच.

दुसरा खेळ याच्या उलट. आधी फूल ठरवायचंच नाही. कागद ओला करून दोन-तीन रंगांचे थेंब सोडा, पाट इकडेतिकडे कलता करा. ओले असतानाच एखाद्या जागी खड्या मिठाचे चार कण टाका. मीठ पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर झाडलं की चांदण्यांसारख्या खुणा राहतात. मग कागद चारी बाजूंनी फिरवून बघा. कुठे शेवंती दिसते, कुठे कर्दळ. दिसेल तिला दोन पानं आणि एक देठ द्या. लहानपणी ढगांत हत्ती-घोडे शोधत होतो, तसंच हे.

रंग नको तिथे गेला तर घाबरू नका. ओला असेल तर कोरड्या कापडानं नुसता टिपा, पुसू नका. वाळला असेल तर स्वच्छ ओल्या कुंचल्यानं हलकेच भिजवून टिपा. रगडलंत तर कागदाची साल निघते. चित्र वाळल्यावर थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका. काही लाल आणि गुलाबी रंग, त्यातही स्वस्तातले, उन्हानं लवकर उडतात.

राहता राहिला यजमानांचा प्रश्न. "हे कुठलं फूल?" असं कुणी विचारलं तर रागावू नका आणि समजावत बसू नका. "ओळखा बरं" एवढं म्हणून हसावं. विकायला, भेट द्यायला किंवा भिंत सजवायलाच चित्र काढलं पाहिजे असं थोडंच आहे? दिवसभर आपण जे जे करतो ते संध्याकाळपर्यंत कुणीतरी खाऊन, वापरून, चुरगाळून संपवतं. त्यात आपलं दोष नाही की गाऱ्हाणं नाही, संसार असाच चालतो. पण दिवसातली अर्ध्या तासाची एखादी गोष्ट अशी असावी, की जी संध्याकाळीही तशीच उरलेली असेल आणि जिच्यावर तारीख घालता येईल. म्हणून प्रत्येक चित्रामागे तारीख लिहा, फूल कुणाच्या कुंडीतलं तेही लिहा आणि ते जुन्या फायलीत ठेवून द्या. रंगपेटी मात्र कपाटाच्या वरच्या खणात ठेवायची नाही. ती हाताशी, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवा. दिसली तर उघडाल.

आता या आठवड्याचा गृहपाठ: सात दिवस, सात फुलं, प्रत्येकाला कागदाचा एकच तुकडा. फाडायचं काहीही नाही, बिघडलेलंसुद्धा. आठव्या दिवशी सातही चित्रं जमिनीवर ओळीनं मांडा आणि पहिलं नि सातवं शेजारी ठेवून बघा. काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात याच रंगांनी दिवाळीची भेटकार्डं आणि पाकिटं घरच्या घरी कशी करायची ते पाहू. तोवर उरलेल्या कागदाच्या पट्ट्या टाकून देऊ नका हं!